टॅक्स दोनदा कापला गेलाय? आधी पैसे कुठे अडकलेत ते शोधा

31 जुलैची संध्याकाळ, दादरहून ठाणे फास्ट, आणि मी कोपऱ्यात चेंगरून सेल्फ असेसमेंट टॅक्स, म्हणजे रिटर्न भरण्याआधी स्वतः हिशोब करून भरायचा उरलेला टॅक्स, भरतोय. कुर्ल्याला नेटवर्क गेलं, चक्र फिरत राहिलं, मी पुन्हा पे दाबलं आणि घाटकोपर येईस्तोवर बँकेचे दोन मेसेज, साडेआठ हजार दोनदा कापले. तेव्हापासून चालत्या गाडीत टॅक्स भरत नाही, पण तो वेगळा विषय.

असं झालं की लगेच इकडेतिकडे फोन करत सुटू नका. इन्कम टॅक्स पोर्टलवर लॉगिन करा, ई-फाईलमध्ये ई-पे टॅक्स, आणि तिथे पेमेंट हिस्टरी. दोन्ही चलनं, म्हणजे टॅक्स भरल्याच्या पावत्या, दिसली तर पैसे सरकारजमा झालेत. एकच दिसलं तर दुसरी रक्कम बँकेकडेच कुठेतरी लटकलीय, मग टॅक्सवाल्यांना विचारून उपयोग नाही. स्टेटमेंटमधला रेफरन्स नंबर घेऊन बँकेकडे लेखी तक्रार करा, तोंडी नको, काउंटरवरचा माणूस "येतील दोन दिवसांत" म्हणतो आणि आपल्या हातात काहीच राहत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे, माहितीसाठी नंबर 14448.

माझी तर दोन्ही चलनं जमा झाली होती. मग जास्तीचे परत मिळवायला वेगळा अर्ज वगैरे काही नसतो. रिटर्नमध्ये भरलेल्या टॅक्सच्या तक्त्यात दोन्ही चलनं टाकायची, बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा नंबर, चलनावरच असतो), तारीख, चलन नंबर सगळं नीट बघून, की जास्तीची रक्कम आपोआप रिफंडमध्ये निघते. रिटर्न आधीच भरलं असेल तर मुदतीत रिवाइज्ड, म्हणजे सुधारित रिटर्न भरा. आणि रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ते ई-व्हेरिफाय, म्हणजे ऑनलाइन पडताळणी, करायला विसरू नका, इथेच बरेच जण गंडतात.

असेसमेंट इयर चुकीचं निवडलं तर? 2024-25 च्या कमाईला असेसमेंट इयर 2025-26, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये चलन करेक्शन आहे, पण इयर बदलायला भरल्यापासून फक्त 7 दिवस मिळतात. मायनर हेड, म्हणजे टॅक्सच्या प्रकाराचा कोड, ॲडव्हान्सचा 100 की सेल्फ असेसमेंटचा 300, हे चुकलं असेल तर 30 दिवस. त्यानंतर असेसिंग ऑफिसरकडे अर्ज.

आता रिफंड कमी आला किंवा आलाच नाही तर. रिटर्न तपासणाऱ्या बेंगळुरूच्या केंद्राकडून, सीपीसीकडून, कलम 143(1) ची इंटिमेशन, म्हणजे हिशोबाची सूचना, मेलवर येते, त्यात दोन रकाने असतात, एकात तुम्ही लिहिलेलं, दुसऱ्यात त्यांनी धरलेलं. ओळीओळीने ताडून बघा, फरक कुठे पडला ते तिथेच कळतं. बहुतेकदा टीडीएस, म्हणजे पगारातून किंवा व्याजातून आधीच कापलेला टॅक्स, निघतो. तो 26एएस मध्येच, म्हणजे तुमच्या नावावर जमा टॅक्सच्या सरकारी तक्त्यात, नसेल तर कंपनीला किंवा एफडीवाल्या बँकेला टीडीएस रिटर्न दुरुस्त करायला सांगा, मागे लागावं लागतं. 26एएस मध्ये असूनही धरला नसेल तर सर्व्हिसेसमधून रेक्टिफिकेशन, म्हणजे चूक दुरुस्तीची विनंती, टाका. कधीकधी जुनी थकबाकी दाखवून रिफंड त्यात वळता करतात, पण त्याआधी कळवतात आणि उत्तराला 21 दिवस असतात, पटत नसेल तर त्यात सांगा.

स्टेटसला रिफंड फेल दिसलं तर खातं तपासा. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, नंतर आयएफएससी बदलले, आमच्या काकांचं खातं पोर्टलवर जुन्याच कोडवर पडून होतं. खातं प्री-व्हॅलिडेट करा, म्हणजे पोर्टलवर पडताळून घ्या, नाव पॅनवरच्यासारखं हवं, मग रिफंड रीइश्यूची रिक्वेस्ट टाका. अडलं तर 1800 103 0025 किंवा पोर्टलवर ग्रिव्हन्स.

उशिराबद्दल महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं, पण रिफंड एकूण टॅक्सच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर नाही. मिळालं तर पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवा.

आणि "रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आला तर उडवा. खरा रिफंड थेट खात्यात येतो, ओटीपी मागत नाही.