मृगाआधी ट्रॅक्टरचा सेल्फ तपासून घ्या

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, त्यानंतर पंधरवड्यात मृग. या दिवसांत बियाणे, खते, बीजप्रक्रिया यांचीच धावपळ असते. ट्रॅक्टरकडे लक्ष गेलेच तर ते डिझेल आणि ऑइलपुरते. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, फिरतोय तोवर त्याला कोणी विचारत नाही. मग एखादा ट्रॅक्टर रोज उतारावर उभा दिसू लागतो आणि गावाला कळते की याचा सेल्फ गेला. नांगरणीच्या दिवसांत तसे निभावून जाते. पेरणीत निभत नाही. सोयाबीन-कापसासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असा सल्ला दरवर्षी दिला जातो. तेवढा पाऊस होऊन काळ्या रानात वाफसा आला की हाती मोजके दिवस असतात. नेमके तेव्हाच तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे रांग लागलेली असते. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावे.

सेल्फ उतरवण्याची घाई नको

‘सेल्फ गेला’ म्हणून दुकानात येणाऱ्या मोटरींत चांगल्या मोटरीही बऱ्याच असतात. दोष असतो बॅटरीत, केबलीत किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हच्या ट्रॅक्टरच्या बॉडीशी असलेल्या जोडणीत. सेल्फ फिरताना काहीशे अँपिअर करंट ओढतो. एवढा करंट जाताना गंजलेले एक टर्मिनलसुद्धा दोन-तीन व्होल्ट खाऊन टाकते. हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे असे धरू नका. हॉर्नला लागतो तो करंट सेल्फच्या मानाने काहीच नाही.

पहिली तपासणी बॅटरीची. मेच्या उन्हात पाणी उडते, त्यामुळे झाकणे उघडून पातळी बघा. पाणी प्लेटांच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचे पाणी नको, वरून अ‍ॅसिडही नको. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करा, बाकीचे नंतर बघू. हायड्रोमीटर असेल तर सहाही घरांची ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, घ्या. एका घराचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून जास्त खाली असेल तर ती बॅटरी पेरणीपर्यंत तग धरेल या भरवशावर राहू नका.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. सोडा घरांत जाऊ नये म्हणून झाकणे आधी घट्ट लावा. क्लॅम्प काढताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि बसवताना तो शेवटी बसवायचा. क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. चार्जिंग चालू असताना बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिथे हायड्रोजन वायू असतो.

व्होल्टेज कुठे गळते?

दोन माणसे आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर हे काम होते. गिअर न्यूट्रलला, पीटीओ (अवजार फिरवणारी मागची शाफ्ट) बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करण्याचा स्टॉप नॉब ओढून ठेवा. एकाने सीटवर बसून किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिट-दोन मिनिटे थांबा. नाहीतर तपासणीतच मोटर जळायची.

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज बघा. ते साडेनऊच्या खाली जात असेल तर एकतर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर मोटर जास्त करंट ओढते आहे. भरलेली दुसरी बॅटरी लावून पाहिली की दोन्हींतले कोणते ते कळते. मात्र ती बॅटरी १२ व्होल्टचीच हवी, ट्रकची २४ व्होल्टची जोडणी लावू नका.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, जिथे जाड केबल येते तिथे. किल्ली फिरवल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर केबल किंवा तिचे टोक खराब आहे. तसेच निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फची बॉडी यांच्यात बघा. तिथे ०.३ च्या वर गेले तर अर्थिंगची पट्टी काढून खालचा रंग-गंज खरवडा. कमी पैशांत मिळते म्हणून घेतलेली बारीक केबल हे दुखणे हमखास देते. शेवटी सोलेनॉइडच्या, म्हणजे किल्ली फिरवताच मोटरला करंट जोडणाऱ्या सेल्फवरच्या स्विचच्या, दोन मोठ्या बोल्टांवर पिना ठेवा. किल्ली फिरवल्यावर ‘टक’ आवाज येऊनही आकडा १२ च्या जवळच राहिला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेले आहेत. या दुखण्यात पूर्ण मोटर बदलायची गरज नसते, कॉन्टॅक्ट किंवा सोलेनॉइड बदलून भागते.

‘टक’ आवाजही नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीकडे बघा. किल्ली फिरवल्यावर तिथे व्होल्टेज येत नसेल तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा क्लच-न्यूट्रलच्या सेफ्टी स्विचमध्ये आहे. उंदराने वायर कुरतडलेली असणे हेही उन्हाळ्यात नवे नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे टर्मिनल जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय जिवावर बेतते. तसे केले की सेफ्टी स्विच बाजूलाच राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन सुरू होताच तो पुढे सरकतो, आणि स्क्रू ड्रायव्हर धरणारा माणूस बहुतेक ट्रॅक्टरांत मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. सेफ्टी स्विच बिघडला म्हणून त्याची वायर कायमची जोडून टाकणे हाही तोच धोका. स्विच बदला, तो काही महाग नाही.

आवाजावरून अंदाज

एकसारखे टक-टक-टक वाजले तर आधी बॅटरी आणि टर्मिनल. मोटर सुसाट फिरते पण इंजिन हलत नाही, म्हणजे बेंडिक्स, मोटरचा जोर इंजिनपर्यंत नेणारा दातेरी भाग, घसरतोय. दात खरडल्याचा कर्कश आवाज आला तर बेंडिक्सच्या पिनियनबरोबर (लहान दातेरी चाक) फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनच्या जड चाकाची, दातेरी रिंगही बघावी लागेल. नुसता पिनियन बदलला तर झिजलेली रिंग नव्या पिनियनचेही दात खाते. किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कारण शोधायला नंतर वेळ आहे.

मोटर उघडावीच लागली तर

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढल्याशिवाय सेल्फला पाना लावू नका. मोटर जड असते, शेवटचा बोल्ट काढताना खालून हात हवा. सोलेनॉइडवरच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उतरवलेली मोटर व्हाइसमध्ये घट्ट धरूनच बॅटरीवर चालवून बघा, कारण चालू होताना ती जोरात झटका देते. बिनलोडची मोटर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

आत सगळ्यांत आधी झिजतात ते कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) आणि बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या). कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यावर आला असेल तर चारही बदला, एकटा-दुकटा नको. कार्बन होल्डरमध्ये सहज सरकला पाहिजे आणि स्प्रिंगमध्ये जोर हवा. बुश झिजला की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, खाली बसून भोवतीच्या स्थिर पोलवर घासते. आर्मेचरच्या पत्र्यावर चकाकणारे घासल्याचे चट्टे दिसले तर नुसते कार्बन बदलून आलेली मोटर महिनाभरात पुन्हा दुकानात जाईल. पितळी रंगाचा सच्छिद्र बुश बसवण्याआधी रात्रभर स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतात. घाईत ही पायरी गाळली जाते, म्हणून ती झाली का ते विचारून घ्या.

कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळा पडला असेल तर बारीक काचपेपरने साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या फटींत अडकतात. खोल चरे पडले असतील तर लेथवर हलका कट मारून पट्ट्यांमधला अभ्रक साधारण अर्धा मिलिमीटर खाली घ्यावा लागतो, तो ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच करावा. मीटरने कॉम्युटेटरची पट्टी आणि आर्मेचरची शाफ्ट यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे करंट आरपार जातो का, ते बघा. ती मिळाली, तर आर्मेचर बॉडीला लागले आहे. वाइंडिंग आतल्या आत शॉर्ट आहे का हे साध्या मीटरवर कळत नाही. त्यासाठी दुकानात ग्रोलर असतो. त्यावर आर्मेचर फिरवताना वर धरलेले हॅकसॉचे पाते शॉर्ट असलेल्या जागी थरथरते. हे समोर करून दाखवायला सांगा.

बेंडिक्स डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. त्याच्या क्लचमध्ये कंपनीने भरलेले ग्रीस असते, ते धुऊन जाते आणि बेंडिक्स घसरायला लागतो. कोरड्या फडक्याने पुसा. तो एका बाजूला मोकळा फिरला आणि उलट बाजूला घट्ट धरला तर ठीक. नव्या ट्रॅक्टरांवर कायम चुंबकाचे, गिअर असलेले लहान सेल्फ येतात. अडकला म्हणून त्यावर हातोडी मारू नका, चुंबक तडकतात.

परत बसवताना मोटरची आणि हाउसिंगची बैठक रंग-गंज काढून स्वच्छ करा. सेल्फचे अर्थिंग त्या बैठकीतूनच होते. इंजिन थंड असताना आणि तासभर चालून तापल्यावर, असे दोन्ही वेळा सुरू करून बघा, कारण बुशचा आणि वाइंडिंगचा दोष बऱ्याचदा गरम झाल्यावरच दिसतो. चालू इंजिनवर बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील तर अल्टरनेटरही दाखवून घ्या, नाहीतर दुरुस्त सेल्फ चार दिवसांत पुन्हा टक-टक करेल.

कोकणात आणि मावळात भाताच्या चिखलणीत चिखल-पाणी थेट सेल्फपर्यंत उडते. त्यामुळे तिथे काम संपल्यावर धुताना प्रेशरचा फवारा सेल्फ आणि सोलेनॉइडवर मारू नका. खालचे पाणी निघायचे छिद्र काडीने मोकळे करा. चिखलणीचा हंगाम सरला की कार्बन आणि बुश एकदा उघडून बघितलेले बरे, त्या भागात ते लवकर खराब होतात.