वंशावळ मांडताना आधी शब्द नीट लावा

वंशावळीचं काम अडतं ते माहितीपेक्षा शब्दांपाशी. ‘तो आपला चुलत’ असं घरातलं कुणी सांगतं, आपण रेघ ओढतो आणि माणूस भलत्याच पिढीत जाऊन बसतो.

आधी दिशा ठरवा. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबूही. पेरावर पेर, तशी पिढीवर पिढी. मूळपुरुषापासून खाली उतरलात तर भेटतात ते वंशज, स्वतःपासून वर चढलात तर पूर्वज. दोन्ही एकाच कागदावर कोंबू नका. वंशजांचा पसारा किती होईल सांगता येत नाही. पूर्वजांचा हिशेब मात्र ठरलेला: आई-वडील 2, आजी-आजोबा 4, पणजी-पणजोबा 8, खापरपणजोबांच्या पिढीत 16.

आता नाती. इथे घाई नको. माझा आतेभाऊ मला मामेभाऊ म्हणतो. नातं एकच, शब्द दोन. म्हणून वहीत नुसतं ‘आतेभाऊ’ लिहू नका, कुणाचा तेही लिहा. ‘चुलत’ तर फारच सैल शब्द. तो ऐकला की एकच विचारायचं: दोघांचा सामाईक पूर्वज कोण? आजोबा एक असतील तर सख्खे चुलत, पणजोबांपाशी रेघा जुळत असतील तर चुलतचुलत. ‘सावत्र’ म्हटल्यावरही थांबा: वडील एक, आई एक, की दोन्ही वेगळे? दत्तक असेल तर तुटक रेघ ओढा आणि जन्मदाते माहीत असतील तर त्यांचीही नोंद ठेवा.

‘आजोबा’ हा शब्द वडिलांकडचे की आईकडचे ते सांगत नाही. त्यावर आकड्यांचा उपाय जुना आहे. ऑस्ट्रियाचे इतिहासकार मायकेल आयत्सिंगर यांनी 1590 मध्ये छापलेल्या ग्रंथात तो वापरला. स्वतःला 1 द्या. कुणाच्याही आकड्याची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. म्हणजे वडील 2, आई 3, वडिलांचे वडील 4, आईचे वडील 6, आईची आई 7. आकडा सम असेल तर पुरुष, विषम असेल तर बाई. अपवाद फक्त 1 चा, कारण तो तुमचा.

वर जाता जाता एकाच माणसाला दोन आकडे आले तर खोडाखोड करू नका. दूरच्या नात्यातल्या दोघांचं लग्न झालं असेल तर तसं होतंच. दोन्ही आकडे त्याच नावापुढे लिहा.