स्वनाथचे पन्नास हजार अडकतात कुठे? अर्ज भरताना या चुका टाळा

कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या आणि एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या संस्थेत पदवी किंवा पदविका करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वनाथ’ शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. पदवीसाठी १,००० आणि पदविकेसाठी १,००० अशा एकूण २,००० शिष्यवृत्त्या असतात. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं आणि अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर करायचा असतो. मिळालेल्या पैशातून फी भरा, संगणक घ्या किंवा पुस्तकं घ्या, चालतं.

अट न बसल्यामुळे कोणी वगळला गेला, तर त्याला इलाज नाही. पण अटीत चोख बसणारी मुलं दरवर्षी त्याच त्या चार-पाच चुकांपायी रांगेबाहेर पडतात. यातली एकही चूक हुशारीअभावी होत नसते. सगळ्या होतात त्या ‘आधी सबमिट तर करू, मग बघू’ या घाईमुळे.

बँक खातं आधारला ‘लिंक’ आहे, म्हणून निर्धास्त राहणं

सगळ्यात जास्त रडारड याच चुकीमुळे होते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

‘आधार लिंक’ आणि ‘आधार सीडिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी तुम्ही बँकेत आधारची झेरॉक्स दिलीत आणि बँकेने क्रमांक स्वतःच्या नोंदीत चढवला, की झालं लिंकिंग. सरकारी पैसे मात्र आधार पेमेंट ब्रिजमधून येतात आणि हा ब्रिज फक्त एनपीसीआयचा (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेचा) मॅपर, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक याची यादी, बघतो. त्या यादीत नोंद होणं म्हणजे सीडिंग. या मॅपरमध्ये एका आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं, आणि तेही सगळ्यात शेवटी जिने सीडिंग केलं तिचं. म्हणजे अर्जात तुम्ही खाते क्रमांक आणि आयएफएससी कितीही सुवाच्य भरा, पैसे मॅपर सांगेल तिकडेच जातात.

याचा नमुना म्हणून तंत्रनिकेतनातल्या एका मुलीचं प्रकरण बघा. तिने अर्जात राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक जोडलं होतं. पोर्टलवर रक्कम अदा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र छदाम नाही. कॉलेज म्हणे बँकेत जा, बँक म्हणे कॉलेजला विचारा. असे दोन महिने हेलपाटे घातल्यावर कळलं, की नवं सिम घेताना दुकानदाराने बोटाचा ठसा घेऊन तिचं पेमेंट्स बँकेतही एक खातं उघडून दिलं होतं आणि त्याच अंगठ्यावर सीडिंगची संमतीही गेली होती. पैसे त्या खात्यात सुखरूप पडून होते, फक्त ते खातं आहे हेच तिला माहीत नव्हतं. हा प्रकार नवा नाही. २०१७ मध्ये सिमच्या आधार पडताळणीच्या वेळी उघडलेल्या अशाच खात्यांत लोकांचं गॅसचं अनुदान परस्पर जाऊन बसलं होतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे आणि तो अर्ज भरण्याच्या आधी करायचा आहे. मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव, स्थिती सक्रिय आहे की नाही आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. इंटरनेट नसेल तर साध्या फोनवरून *९९*९९*१# डायल करा. स्थिती ‘इनॅक्टिव्ह’ असेल किंवा भलत्याच बँकेचं नाव दिसलं, तर शाखेत जा आणि ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचं आहे’ असं याच शब्दांत सांगा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं). ‘आधार लिंक करा’ म्हणालात, तर खिडकीपलीकडून ‘आहे की लिंक’ एवढंच उत्तर येईल आणि तुम्ही परत याल. संमतीपत्रात आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती कोरी सोडू नका. मॅपिंग एका बँकेतून दुसरीकडे हलवताना ती माहिती लागते आणि ती नसल्यामुळेच बरेच अर्ज बँकेकडून निमूट परत येतात. फॉर्म दिल्यावर पोच घ्या. काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा. तारीख बदलली नसेल, तर काम झालेलं नाही, मग बँकेतून कोणी काहीही सांगो.

एक बारकावा: मायआधारवर बँकेचं नाव दिसतं, खाते क्रमांक दिसत नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील, तर कोणतं जोडलंय हे शाखेतच विचारावं लागतं.

खातं जोडलेलं असूनही पैसे हातात येत नाहीत, असं दोन-तीन प्रकारांत होतं. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान (मायनर) खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सहीसह पुन्हा केवायसी केल्याशिवाय चालत नाही. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नसेल, तर खातं निष्क्रिय होतं. तिसरा प्रकार पूर्ण कागदपत्रं न देता उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’चा. त्यातून महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. पन्नास हजार जमा झाले, फीची मुदत उद्या आणि हातात दहा हजार! केवायसी पूर्ण करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

मृत्यूचा दाखला जोडला, म्हणजे कोविड सिद्ध झाला असं समजणं

नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते त्या मृत्यू प्रमाणपत्रावर मृत्यूचं कारण नसतं. कारकून विसरला म्हणून नव्हे, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच कारण उघड करायचं नाही असं म्हटलं आहे. त्यामुळे ‘दाखल्यावर कोविड लिहून द्या’ म्हणत नोंदणी कार्यालयात भांडण्यात अर्थ नाही. तरी मुलं तो एकच कागद अपलोड करतात आणि अर्ज त्रुटीत परत आला, की पोर्टलला नावं ठेवतात.

कारण असतं ते वैद्यकीय प्रमाणपत्रात. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नमुना ४, घरी झाला असेल तर नमुना ४-अ. तो हाती आला, की फक्त पहिली ओळ वाचून घाबरू नका. पहिल्या ओळीत अनेकदा ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच असतं. हृदय आणि श्वास थांबणं ही मरणाची रीत झाली, कारण नव्हे. त्याखालच्या ओळींत न्यूमोनिया आणि त्याच्याही मुळाशी कोविड-१९ लिहिलंय का ते बघा. कधी शब्दांऐवजी ‘यू ०७.१’ असा कोड असतो. तोही कोविडचाच.

नमुन्यात कोविडचा उल्लेखच नसेल, तर केंद्राच्या सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचना उपयोगी पडतात. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किंवा डॉक्टरांनी निदान केल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, मग तो दवाखान्याबाहेर झाला असला तरी. रुग्ण दाखल होता तो घरी आलाच नाही आणि तिसाव्या दिवसानंतर गेला, तरीही तो कोविडमृत्यूच. अशा तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली समिती नेमायची होती. घरच्यांनी त्या वेळी राज्य आपत्ती निधीतून ५०,००० रुपयांचं सानुग्रह अनुदान घेतलं असेल, तर कोविडमृत्यू तेव्हाच मान्य झालेला असतो. त्या मंजुरीची प्रत शोधा आणि मृत्यू प्रमाणपत्र, नमुना ४ व चाचणीचा अहवाल यांच्यासोबत एकाच पीडीएफमध्ये जोडा. सुटे मोबाइल फोटो, त्यात अर्धा अंगठा आणि चादरीची नक्षी, असे अर्ज पडताळणारा माणूस वैतागून बाजूला ठेवतो. त्याला दोष देता येत नाही.

आणि हो, ते सानुग्रह ५०,००० आणि स्वनाथचे ५०,००० यांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘आमच्या घरी आधीच मिळालेत’ म्हणून अर्जच न करणारे भेटतात. ते अनुदान वारसांना मिळालेलं एकवेळचं साहाय्य होतं, ही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आहे.

चुकीच्या दारातून आत शिरणं

स्वनाथला तीन दारं आहेत: अनाथ, कोविडमध्ये आई-वडिलांपैकी एक किंवा दोघेही गमावलेले, आणि सशस्त्र दलांत किंवा केंद्रीय निमलष्करी दलांत हुतात्मा झालेल्यांची मुलं. वडील कोविडने गेले आणि आई त्याआधीच वारली होती, अशी मुलं कोविडच्या दारात नमुना ४ शोधत बसतात. दोघेही नाहीत म्हणजे तुम्ही अनाथ गटात आहात. तिथे मृत्यूचं कारण सिद्ध करायची गरजच नाही. गट निवडण्याआधी हातात कोणते कागद आहेत ते बघा, एवढंच.

महाडीबीटी आणि एनएसपी दोन्हीकडे अर्ज टाकणं

महाडीबीटी हे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. ‘दोन्हीकडे टाकू, जे मिळेल ते घेऊ’ हा सल्ला कॅन्टीनमध्ये फुकट मिळतो आणि फुकटच्याच लायकीचा असतो. केंद्र, राज्य किंवा एआयसीटीई यांची दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला स्वनाथ मिळत नाही. दोन्ही यंत्रणांत आधार क्रमांक एकच असतो, त्यामुळे लपत काही नाही. दोन्ही घेतलं आणि उघड झालं, तर पैसे परत करायची वेळ येते. माहिती खोटी निघाल्यास रक्कम परत करू, असं घरच्यांच्या सहीचं हमीपत्र अर्जासोबतच गेलेलं असतं.

म्हणून आधी कागदावर आकडेमोड करा. राज्याच्या राजर्षी शाहू योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. शिक्षण शुल्क ७०,००० असेल तर ३५,००० झाले, म्हणजे स्वनाथ सरस. पण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळतं. त्यात अनाथ मुलामुलींचाही समावेश आहे. अशा मुलीचं शुल्क १,१०,००० असताना ‘केंद्राची म्हणजे मोठी’ म्हणून तिने स्वनाथ घेतली, तर वर्षाला ६०,००० रुपयांचं नुकसान तिने आपल्या हाताने केलं. एनएसपीवर अर्ज मागे घ्यायची सोय आहे. ती वेळेत वापरा, पैसे जमा झाल्यावर नव्हे.

वडिलांच्या नंबरवर ओटीपीची वाट बघणं

घरातला आधार बहुतेक वेळा वडिलांच्या मोबाइलला जोडलेला असतो. वडील गेल्यावर सिम रिचार्जविना बंद पडतं आणि हे लक्षात येतं ते शेवटच्या रात्री साडेअकराला. एनएसपीवरच्या वन टाइम रजिस्ट्रेशनला आधारची पडताळणी लागते. आधार केंद्रावर जाऊन मोबाइल क्रमांक बदलायला कोणताही कागद लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. अर्ज सुरू व्हायच्या आधीच उरकून टाका.

यालाच जुळी चूक म्हणजे सायबर कॅफेवाल्याचा नंबर देणं. त्रुटीचा संदेश त्याच्या फोनवर जातो, तुम्हाला कळतं मुदत संपल्यावर. नोंदणीनंतर मिळणारा चौदा अंकी ओटीआर क्रमांकही स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

उरलेल्या चुका

उत्पन्नाचा दाखला जुना, दिवंगत वडिलांच्या पगाराचा जोडणं. तहसीलदारांकडून चालू वर्षाचा, आता कमावणाऱ्या पालकाच्या नावाचा नवा दाखला काढा.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. क्रम उलटा असणं हा मोठा दोष नाही, पण स्पेलिंग वेगळं असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिका बदलायला जाल, तर वर्ष जाईल.

सारख्या नावाचं दुसरंच कॉलेज निवडणं. अर्ज भलत्याच संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याच्या (कॉलेजात अर्ज पडताळणाऱ्याच्या) खात्यात पडून राहतो आणि तुमच्या कॉलेजला तो दिसतही नाही. कार्यालयातून आयशे कोड (प्रत्येक कॉलेजचा सरकारी ओळख क्रमांक) घ्या आणि यादीतून त्याच कोडने निवडा.

सबमिट केल्यावर निवांत बसणं. संस्थेने पहिली पडताळणी केली नाही, तर अर्ज पुढे सरकतच नाही. मुदतीच्या किमान दहा दिवस आधी भरा, सोबत छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन नोडल अधिकाऱ्याला स्वतः भेटा. आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. ‘डिफेक्टिव्ह’ म्हणजे नामंजूर नव्हे, अर्ज दुरुस्तीसाठी परत आलाय. शेरा वाचा, तेवढंच सुधारा आणि पुन्हा पाठवा.

दुसऱ्या वर्षी पैसे आपोआप येतील असं समजणं. येत नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो, सोबत वरच्या वर्गात गेल्याचं संस्थाप्रमुखांचं पत्र लागतं. नापास झालात तर शिष्यवृत्ती थांबते. निकालाला उशीर होणार असेल, तर ते पत्र कधी मिळेल हे कार्यालयात आधीच विचारून ठेवा. तुमच्या विद्यापीठाचे निकाल लांबले, म्हणून एनएसपीची तारीख थांबत नाही.