व्हिटॅमिन डी रिसेप्टर डीएनएवर कुठे बसतो ते पेन्सिलने कसं शोधायचं

माझी मावसबहीण फोंड्याला बीएस्सी करते, आणि गेल्या चवथीला घरात सगळे गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधत होते तेव्हा ही कोपऱ्यात वही घेऊन "व्हीडीआर डीएनएला बाइंड होतो आणि जीन रेग्युलेट करतो" हे एकच वाक्य घोकत बसलेली. व्हीडीआर म्हणजे व्हिटॅमिन डी रिसेप्टर, व्हिटॅमिन डी ओळखून जीनचं काम कमीजास्त करणारं प्रोटीन. घोकू नको ग, म्हटलं, तो डीएनएवर बसतो ती जागा स्वतः शोध, एकदा सापडली की कायमची लक्षात राहते. तिला दाखवलं तसंच इथे लिहितेय. चौकटीची वही, पेन्सिल आणि दोन रंग घ्या, बस.

सुरुवातीचं पटकन सांगते. उन्हातल्या यूव्हीबीने कातडीत व्हिटॅमिन डी बनतं, थोडं बांगड्यातूनही मिळतं, पण आधी लिव्हरमध्ये आणि मग किडनीत त्याला एकेक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) लागतो तेव्हा कुठे कॅल्सिट्रिऑल तयार होतं, आणि रिसेप्टर घट्ट धरतो तो याला. रिसेप्टर म्हणजे ४२७ अमिनो आम्लांचं प्रोटीन, कॅल्सिट्रिऑल त्याच्या खोबणीत शिरलं की शेवटचा पिळदार तुकडा, हेलिक्स १२, झाकणासारखा बंद होतो आणि आरएक्सआर नावाच्या जोडीदार रिसेप्टरशी त्याची जोडी पक्की जमते. डीएनएवर ही जोडीच बसते.

डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी. आता शोधायचं काय, तर सहा अक्षरांचा शब्द, मग कुठलीही तीन अक्षरं, मग परत सहा अक्षरांचा तसाच शब्द. शब्दाचा साचा असा: पहिलं ए किंवा जी, दुसरं जी, तिसरं जी किंवा टी, चौथं टी, पाचवं सी किंवा जी, सहावं ए. वहीत उंदराच्या ऑस्टिओपॉन्टिन जीनची जागा लिहा, प्रत्येक चौकटीत एक अक्षर:

जीजीटीटीसीए – सीजीए – जीजीटीटीसीए

पहिला शब्द एका रंगाने रंगवा, तिथे आरएक्सआर बसतो. दुसरा दुसऱ्या रंगाने, तो व्हीडीआरचा. दोघांकडेही झिंक फिंगर, म्हणजे डीएनए पकडणारी बोटं, असतात, एकेक झिंक चार सिस्टीन अमिनो आम्लांनी धरलेलं, आणि पहिल्या फिंगरचं हेलिक्स डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरून अक्षरं चाचपतं. दोन्ही शब्द एकाच दिशेने वाचले जातात हे नीट बघा, म्हणजे मडगावच्या दिंडीत टाळकरी एकामागून एक चालतात ना, तोंडं एकाच बाजूला, तसं. इस्ट्रोजेन रिसेप्टरची जोडी मात्र फुगडीसारखी समोरासमोर असते, त्यामुळे त्याचा दुसरा शब्द उलटा येतो.

"ताई, मधे तीनच का?" हा तिचा प्रश्न मला फार आवडला. डीएनएचा एक पूर्ण पीळ साधारण साडेदहा अक्षरांचा. एक अक्षर वाढलं की पुढचा शब्द थोडा लांब जातो आणि शिवाय ३४ अंशांच्या आसपास फिरतो, मग दोघांच्या एकमेकांना भिडणाऱ्या बाजू जुळत नाहीत. १९९१ साली काझुहिको उमेसोनो आणि रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटाने हाच नियम मांडला, अंतर ३ असेल तर व्हिटॅमिन डी, ४ तर थायरॉइड, ५ तर रेटिनॉइक ॲसिड. सगळीकडे तो तंतोतंत पाळला जात नाही, पण शोधायला सुरुवात इथूनच करा.

मुलं हमखास चुकतात ते डीएनएच्या दुसऱ्या स्ट्रँडवर, म्हणजे समोरच्या धाग्यावर. तिथे ए समोर टी आणि जी समोर सी येतो, आणि वाचायचं उलट्या दिशेने. तीच जागा समोरच्या स्ट्रँडवर असली तर तुमच्या कागदावर टीजीएएसीसी – टीसीजी – टीजीएएसीसी अशी दिसेल, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा तपासा.

आणि एखादं अक्षर चुकलं म्हणून लगेच खोडू नका. माणसाच्या ऑस्टिओकॅल्सिन जीनमध्ये जीजीजीटीजीए – एसीजी – जीजीजीजीसीए आहे, दुसऱ्या शब्दात चौथं अक्षर टी नाही, जी आहे, तरी व्हीडीआर तिथे बसतो.

पण कागदावर सापडलं म्हणजे पेशीतही बसतोच असं नाही हं. आपला साचा एवढा सैल आहे की नुसत्या योगायोगानेच तो दर २,६२,१४४ जागांमागे एकदा जुळेल, म्हणजे तीन अब्ज अक्षरांच्या जीनोममध्ये एका स्ट्रँडवरच अकरा हजारांच्या वर! त्यातल्या कितीतरी जागा क्रोमॅटिनमध्ये, म्हणजे हिस्टोन नावाच्या प्रोटीनांभोवती, गुंडाळून बंद असतात. म्हणून तुमच्या पेशीचा चिप-सीक डेटा (प्रोटीन डीएनएवर कुठे बसलंय ते मोजणाऱ्या प्रयोगाचा) उघडून तिथे खरंच पीक, म्हणजे आलेखात उंचवटा, आहे का ते बघा. पीक असलं तरी जोडी बसून पुढे कोॲक्टिव्हेटर नावाची मदतनीस प्रोटीनं बोलावते का, ती हिस्टोनवर ॲसिटिल लावून डीएनए सैल करतात का, मग त्या जीनचा आरएनए (जीनची नक्कल) वाढतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

शोध कुठून सुरू करायचा विचाराल तर सीवायपी२४ए१ घ्या, कॅल्सिट्रिऑल मोडणाऱ्या एन्झाइमचा जीन, त्याच्या सुरुवातीजवळच दोन जागा सापडतात. मग रँक-एल घ्या, हाड झिजवणाऱ्या पेशी तयार करायला लावणाऱ्या प्रोटीनचा जीन. उंदरात त्याची एक महत्त्वाची जागा जीनच्या सुरुवातीपासून ७५ हजार अक्षरांहून लांब आहे, तेव्हा आधीची हजारभर अक्षरं बघून वही मिटू नका.