अन्न तपासणीच्या लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री किंवा फूड टेक्नॉलॉजी शिकणारी मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, फूड टेस्टिंगला स्कोप आहे ना?" आहे, भरपूर आहे. पण हा स्कोप नेमका कुठून आलाय ते न बघता लोक बायोडेटात चार मशिनांची नावं टाकून मोकळे होतात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गारद होतात. मी आधी सूक्ष्मजीव विभागात होते, मग रसायन विभागात गेले, आता इतरांनी काढलेले निकाल तपासून रिपोर्टवर सही करते. या खुर्चीतून जे दिसतं ते सांगते.

मागणी का वाढतेय हे समजायला २००८ सालचं चीनमधलं दूधपावडरचं प्रकरण पुरेसं आहे. दुधात पाणी घातलं की प्रथिनांचं प्रमाण घटतं, म्हणून ते भरून दाखवायला मेलामाइन नावाचं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं. जवळपास तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. आता यातली लॅबची बाजू बघा. प्रथिनं मोजायची नेहमीची पद्धत केल्डालची, १८८३ सालची, कोपनहेगनच्या एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत जन्मलेली. ती प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणते. प्रथिनांमध्ये नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो, मेलामाइनमध्ये ६६ टक्क्यांच्या वर. चिमूटभर टाकलं की आकडा वर. ज्यांनी भेसळ केली त्यांना ही पद्धत आपल्यापेक्षा चांगली कळत होती, हे मला आजही बोचतं. टेस्ट अगदी नियमाप्रमाणे केली असती तरी उत्तर फसवंच आलं असतं.

त्यानंतर मेलामाइन थेट शोधणाऱ्या पद्धती आल्या आणि तेव्हापासून तपासायच्या गोष्टींची यादी लांबतच गेलीय. कधी भेसळीमुळे, कधी साथीमुळे, कधी नुसत्या संशोधनामुळे. २००२ साली स्वीडनमध्ये लक्षात आलं की पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की त्यात अॅक्रिलामाइड हे घातक रसायन तयार होतं. माणूस हजारो वर्षं भाजून खातोय, पण टेस्ट मात्र तेव्हापासून सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसपदार्थांतून लिस्टेरिया हा जंतू पसरला, हजाराहून जास्त रुग्ण आणि दोनशेहून जास्त मृत्यू. रुग्णांमधला आणि कारखान्यातला जंतू एकच आहे हे जनुकक्रम लावून सिद्ध केलं गेलं. आता मोठ्या लॅबमध्ये सिक्वेन्सिंग येणारच. त्यात माल देशोदेशी फिरतो, घेणारा प्रत्येक जण रिपोर्ट मागतो, अॅलर्जनच्या टेस्ट वाढल्यात, मशिनं दर काही वर्षांनी आणखी बारीक बघायला लागतात आणि कायद्यातल्या मर्यादा त्यांच्यामागून खाली सरकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात. काम संपायचं नाही, एवढं नक्की.

तरीही एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या: टेस्टिंगने अन्न सुरक्षित होत नाही. समजा एका लॉटमधल्या दर शंभर पाकिटांत एक दूषित आहे. तुम्ही पाच पाकिटं तपासलीत, तर पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता ९५ टक्के. साठ तपासलीत तरी सगळी स्वच्छ निघण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा, ०.९९ चा पाचवा घात आणि साठावा घात. १९६० च्या दशकात अंतराळवीरांचं अन्न बनवताना नासा आणि पिल्सबरी कंपनी याच भिंतीवर आदळली आणि त्यातून हॅसप (HACCP) ही पद्धत निघाली: धोका प्रक्रियेतच कुठे शिरतो ते शोधा आणि तिथेच अडवा. लॅब ही त्या अडवणुकीची पडताळणी करते. हे माहीत असलेला उमेदवार माझ्यासमोर आला की मी खुर्चीत जरा सरसावून बसते.

आता प्रत्यक्ष काम. सूक्ष्मजीव विभागात साल्मोनेला या विषबाधा करणाऱ्या जंतूची टेस्ट घ्या. २५ ग्रॅम नमुना २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. हे पहिलं पाणी नुसतं जंतूंना सावरायला असतं. उष्णतेने, सुकवण्याने, मिठाने अर्धमेल्या झालेल्या जंतूला थेट कडक माध्यमात टाकलं तर तो तिथेच मरेल आणि आपण म्हणू, नव्हताच. दुसऱ्या दिवशी दोन निवडक (म्हणजे बाकीच्या जंतूंना दाबणाऱ्या) माध्यमांत, त्यातल्या एकाचं तापमान ४१.५ अंश. तिसऱ्या दिवशी प्लेटवर. एक्सएलडी अगार या माध्यमावर साल्मोनेलाची कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचा पुंजका, लालसर आणि मध्यभागी काळी दिसते. पण काळा ठिपका म्हणजे साल्मोनेला असं नाही. प्रोटियस हा दुसरा जंतूही काळा ठिपका दाखवतो, आणि साल्मोनेलाचे काही प्रकार दाखवत नाहीत. म्हणून पुढे जैवरासायनिक आणि सिरमच्या टेस्ट. पीसीआरने, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टने, हे काम लवकर उरकतं, पण त्यालाही आधीचं रात्रभर वाढवणं चुकत नाही आणि पॉझिटिव्ह आलं तर बहुतेक वेळा प्लेटवर यावंच लागतं. म्हणजे सोमवारी लावलेली टेस्ट आठवड्याच्या शेवटी संपते, आणि गुरुवारी लावलेली रविवारी वाचावी लागते. रविवारची ड्यूटी या विभागात टळत नाही. जॉइन होताना कोणी हे सांगत नाही, म्हणून मी सांगते.

हे सगळं झाल्यावर रिपोर्टवर येतं काय? "२५ ग्रॅममध्ये आढळला नाही." नवख्यांना ही ओळ सगळ्यात सोपी वाटते. मला सही करताना सगळ्यात जास्त विचार हिच्यावर करावा लागतो. माध्यम जंतू वाढवतं हे त्याच बॅचला दाखवलं होतं का? पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम जंतू घातलेला) उगवला का? निगेटिव्ह कंट्रोल (जंतू न घातलेला) स्वच्छ राहिला का? नमुना मसाल्याचा किंवा कोकोचा असेल तर तो स्वतःच जंतूंना मारतो, मग पातळ करायचं प्रमाण बदललं होतं का? सापडलेली गोष्ट स्वतःच पुरावा असते. न सापडलेल्या गोष्टीचा पुरावा आपल्याला शेजारी उभा करावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तुमच्या वहीतल्या कंटाळवाण्या नोंदी. मागणी खरी वाढलीय ती या नोंदी प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या माणसांची. मशिन चालवायला शिकवता येतं.

रसायन विभागात ग्लॅमर जास्त. एलसी-एमएस, जीसी-एमएस, आयसीपी-एमएस ही मशिनांची नावं ऐकूनच मुलं खूश असतात. पण कीटकनाशकांच्या अंशांची टेस्ट सुरू होते मिक्सरपाशी. नमुना नीट दळला गेला नसेल, तर पुढची सगळी मशिनं अत्यंत अचूकपणे भलतंच काहीतरी मोजतात. मग हे अंश नमुन्यातून बाहेर काढायला क्वेचर्स, २००३ साली प्रसिद्ध झालेली पद्धत आणि आज जगभर रुळलेली: दहा ग्रॅम नमुना, दहा मिली अॅसिटोनायट्राइल हे द्रावक, वरून मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ. क्षार पडताच लगेच जोरात हलवायचं, नाहीतर तळाशी खडा बसतो. पाणी शोषताना मॅग्नेशियम सल्फेट तापतं, नळी हाताला चक्क गरम लागते. उष्णतेने फुटणारे घटक शोधत असाल तर ती ऊब लक्षात घ्यावी लागते. पुढे सफाई. हिरव्या पालेभाजीचा अर्क हिरवाकंच असतो आणि कार्बन टाकला की पाण्यासारखा स्वच्छ होतो. बघायला छान, पण कार्बन सपाट रचनेची काही कीटकनाशकंही सोबत ओढून नेतो. म्हणून आपणच ओळखीचं प्रमाण घालून बघायचं आणि किती परत मिळतं ते मोजायचं. साधारण ७० ते १२० टक्क्यांत बसलं तर पुढे.

याहून मोठी गडबड नमुना घेण्यात असते. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष शेंगदाण्याच्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत एखाददुसरा बुरशीचा दाणा आणि सगळं विष त्यात. वरची मूठ घेतली तर लॉट पास, दुसरी मूठ घेतली तर नापास. म्हणून अशा मालाचे नमुने किलोंमध्ये घेतात आणि पूर्ण दळून मगच त्यातला छोटा भाग तपासतात. ग्राहकाने पिशवीभर आणून दिलेल्या मालाच्या रिपोर्टवर "मिळालेल्या नमुन्यापुरता" असं का लिहितात ते इथे कळतं.

क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे मशिनने काढलेल्या आलेखाच्या, शिखराची पायथ्याची रेघ हाताने जरा वर-खाली ओढली की आकडा बदलतो. मर्यादेच्या आसपासच्या निकालात हा मोह दोन्ही बाजूंनी येतो, आणि कधीकधी बाहेरून फोनही येतो. यावर उपाय उपदेशाचा नाही, सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलचा आहे. कोणी, कधी, का बदललं ते तिथे राहतं. तो बंद ठेवणाऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळत असेल तर मी घेऊ नका म्हणेन, पगार कितीही असो.

कागदाच्या बाजूबद्दल थोडक्यात. आयएसओ/आयईसी १७०२५ हे लॅबसाठीचं मानक, २०१७ ची आवृत्ती, एकदा मुळातून वाचून काढा. कंटाळवाणी आहे, पण फार मोठी नाही. मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, आणि निकाल मर्यादेला चिकटून असेल तर पास-नापास कोणत्या नियमाने ठरवायचं, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. प्राविण्य चाचणीतला (एकच नमुना अनेक लॅबना देऊन निकाल ताडून बघतात ती) झेड-स्कोअर, म्हणजे आपला निकाल अपेक्षित आकड्यापासून किती दूर, दोनच्या आत चांगला, तीन किंवा वर गेला तर कारण शोधावं लागतं, एवढं तरी माहीत हवं. आणि एक्सेल. सरासरी, प्रमाण विचलन, कॅलिब्रेशनची रेघ, हे बटण दाबण्याआधी कागदावर येत असेल तर तुम्ही बऱ्याच उमेदवारांच्या पुढे आहात. महागडे सर्टिफिकेट कोर्स मला फारसे पटत नाहीत. त्यापेक्षा चालू लॅबमध्ये काही महिने फुकट किंवा जवळपास फुकट पिपेट धरायला मिळत असेल तर ती संधी घ्या.

कुठे काम करायचं? खासगी चाचणी लॅबमध्ये नमुन्यांचा पूर असतो, शिकायला सगळ्यात जास्त तिथे मिळतं आणि दमछाकही तिथेच. कारखान्याच्या लॅबमध्ये पदार्थ तेच ते, पण प्रक्रिया समजते. सरकारी लॅबच्या रिपोर्टवर खटले उभे राहतात, त्यामुळे तिथली साखळी, म्हणजे नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद, शिकण्यासारखी असते. मशिनं विकणाऱ्या कंपन्यांना पद्धती बसवून देणारी माणसं लागतात. तो रस्ता उत्तम, पण आधी लॅबमध्ये हात काळे केल्याशिवाय तिथे कोणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी खासगी लॅबची.

आता मी मुलाखतीत विचारते तो एक प्रश्न देऊन टाकते, पुढच्या वेळी दुसरा शोधीन. एकूण जिवाणूंची मोजणी, दोन प्लेट, प्रत्येकी एक मिली. शंभरपट पातळ केलेल्या प्लेटवर २४० कॉलनी, हजारपट पातळ केलेल्या प्लेटवर ४१. निकाल सांगा. बहुतेक जण २४,००० आणि ४१,००० ची सरासरी काढून ३२,५०० म्हणतात. प्रमाण पद्धतीत दोन्ही प्लेटवरच्या कॉलनींची बेरीज करतात, २८१, आणि तिला १.१ गुणिले ०.०१ ने भागतात. येतं सुमारे २५,५००, म्हणजे दोन अंकांत २.६ गुणिले दहाचा चौथा घात. जास्त कॉलनींच्या प्लेटला आपोआप जास्त वजन मिळतं, कारण तिच्यावर विश्वास जास्त.

हे उत्तर आलं की मी नोकरीचा विचार करते. पण क्वचित कोणीतरी आकडा सांगायच्या आधीच थांबतो आणि म्हणतो, "मॅडम, पहिलीवर २४० असतील तर दुसरीवर २४ च्या आसपास हव्यात. योगायोगाने पाच-दहा इकडेतिकडे चालतील, ४१ कशा आल्या? नळी नीट हलवली नव्हती का? की पिपेटची टीप बदलली नाही? पहिल्या प्लेटवर दाटीमुळे कॉलनी एकमेकींत मिसळल्या असतील का?" मग मी त्याला विचारते, कधीपासून येऊ शकतोस.