कोकम आगळाच्या लेबलाचा रंग छापताना कसा जमवावा

मोबाईलवर झकास दिसलेला तांबडा रंग स्टिकरवर मळकट होऊन आला, ही कुरकुर मालवण काय नि गुहागर काय, घरगुती आगळ-सरबत विकणाऱ्यांकडून ऐकू येतेच. दरवेळी त्यात छापणाऱ्याचा दोष असतो असं नाही.

आधी आगळच नीट बघा. काचेच्या पेल्यात थोडं ओता, मागे पांढरा कागद धरा आणि पडवीत सावलीला या. कडेचा पातळ थर गुलाबीसर तांबडा दिसेल, मधला भाग जवळजवळ काळपट जांभळा. यातला कुठला रंग हवा ते इथेच ठरवून टाका. मी कडेचा घेईन. तो बघूनच तहान लागते. हे काम तिन्हीसांजेला मात्र नको. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडाकार पेशींवर भिस्त असते आणि त्यांना रंग कळत नाहीत. रंग कळतात ते शंक्वाकार पेशींमुळे. त्या तीन प्रकारच्या असतात. साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास त्यांचा प्रतिसाद सर्वाधिक. मेंदू रंग ठरवतो तो या तिघींच्या कमीजास्त प्रतिसादावरून.

हे पटत नसेल तर मोबाईलवर पिवळाधमक रंग उघडा आणि काचेवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबातून निरखून पाहिलं की लाल आणि हिरवे ठिपके दिसतात, पिवळा एकही नाही! 1861 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून पडद्यावर रंगीत छायाचित्र दाखवलं, त्यामागेही हेच तत्त्व. स्क्रीनची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पद्धत तिन्ही रंगांना 0 ते 255 आकडे देते. त्यांच्या जोडण्या होतात 1,67,77,216.

रंग निवडताना त्या आकड्यांशी झटापट करू नका. अ‍ॅपमध्ये एचएसव्ही असेल तर ते घ्या. त्यात छटा, रंगाचा भडकपणा आणि उजळपणा वेगवेगळे सरकवता येतात. छटेच्या चक्रावर लाल 0 अंशावर असतो. कोकमासाठी 345 च्या आसपास सुरुवात करा आणि पेल्याकडे बघत पुढेमागे व्हा.

खरी गोची पुढे आहे. स्क्रीन प्रकाश टाकते, शाई प्रकाश खाते: सायन (आकाशी निळी) शाई लाल खाते, मजेंटा (गडद गुलाबी) हिरवा, पिवळी निळा. त्यामुळे स्क्रीनवरचे काही भडक रंग कागदावर येऊच शकत नाहीत. डीटीपीवाल्याला फाईल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये, म्हणजे सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांच्या पद्धतीत, उघडायला सांगा. कोकमासाठी मजेंटा भरपूर, पिवळी बेताची; काळी वाढली की रंग मळलाच. लेबलावर समुद्राचा चमकता निळा टाकायचा मोह आवरा, छापताना आधी तोच मान टाकतो.

मग एकच प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काढा, तेही ज्या स्टिकरवर माल छापायचा त्याच स्टिकरवर. भरलेल्या बाटलीला चिकटवा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघा, पडवीतही बघा. एका उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फटकून दिसू शकतात, कारण शाई आणि आगळ मुळात वेगवेगळा प्रकाश परत पाठवतात. विक्री जिथे होणार तिथला उजेड प्रमाण माना.

पसंत पडलेल्या प्रुफावर तारीख आणि शाईचे चारही आकडे लिहून ते पाकिटात घालून कपाटात ठेवा. उन्हात शाई उडते. पुढच्या हंगामात छापणाऱ्याकडे मोबाईल नव्हे, ते पाकीट घेऊन जा.