आपल्या गावाचं मतदान कसं वाचायचं

अंगणवाडी सांभाळत मी अकरा वर्षं बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणारी अधिकारी होते. आमचं बीड जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, चार बूथ. निकाल लागला की पारावर ठरलेलं बोलणं सुरू होतं, "आपल्याकडची माणसं मतदानालाच जात नाहीत." ते ऐकून मला राग येतो, कारण ज्या यादीवर हा टक्का काढतात ती मी दारोदार हिंडून तपासलेली आहे. गावात मतदान किती झालं आणि गाव कुणीकडं झुकलं हे बघायचं असेल, तर आधी यादी हातात घ्या. निकाल नंतर.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आपल्या भागाची यादी मिळते. ती छापून घ्या आणि घरोघरच्या लेकीसुना ओळखणारी एखादी बाई सोबत बसवा. आशाताई असेल तर उत्तम. एका पानावर तीस नावं असतात. माझ्या पेन्सिलच्या खुणा ठरलेल्या होत्या: ‘म’ म्हणजे मयत, ‘सा’ म्हणजे सासरी गेलेली, ‘पु’ म्हणजे पुण्याला कंपनीत, ‘ऊ’ म्हणजे ऊसतोडीला. तांड्याच्या काही पानांवर ओळीनं नुसते ‘ऊ’च.

आता हिशोब. समजा बूथवर १,००० नावं आहेत आणि ५५० मतं पडली. कागदावर ५५ टक्के. पण त्यात ४० मयत आणि ६० सासरी नाव लागलेल्या लेकी असतील, तर खरे मतदार ९००, म्हणजे टक्का ६१. त्यातले १५० ऊसतोडीला गेलेले असतील, तर त्या दिवशी गावात होते ७५०. त्यांतल्या ५५० जणांनी मत दिलं, म्हणजे ७३ टक्के! ऊसतोडीवाल्यांचा आकडा मात्र वेगळ्या रकान्यात लिहा, वजा करून विसरू नका. तेही मतदारच आहेत, त्यांचं मत हुकलंय.

म्हणून तारीख बघायचीच. २०२४ मध्ये आमच्याकडं लोकसभेचं मतदान १३ मे रोजी झालं. कडक ऊन, पण कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, घरी परतलेली. विधानसभेचं झालं २० नोव्हेंबरला, आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरलाच सुरू झालेला. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर असलेला माणूस पाच दिवसांत फडातून परत कसा यायचा? या दोन मतदानांची नुसती टक्केवारी शेजारी ठेवून "लोकांचा उत्साह" मोजू नका.

कल बघायला नमुना २० काढा. बूथवार कुणाला किती मतं पडली ते त्यात असतं. टक्के सोडा, मतांचे आकडे लावा. एखाद्या पक्षाची मतं शंभरानं घटली आणि दुसऱ्याची वाढलीच नाहीत, तर कल फिरला म्हणू नका. आधी ते शंभर जण कुठं होते ते यादीत शोधा. बूथची हद्द बदललीय का तेही बघा. ग्रामपंचायतीवरून पक्षाचा अंदाज बांधू नका. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं; पॅनल असतं, भावकी असते, विहिरीच्या वाटेचं भांडण असतं.

आणि हे आकडे वहीतच ठेवा. लोकसभेला आमच्या मतदारसंघाचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला. त्यानंतर गावात मोबाईलवर बूथवार याद्या फिरल्या आणि अमक्या वस्तीनं कुणाला मत दिलं यावर उघड बोलणं सुरू झालं. "आता त्यांना टँकर कशाला?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बूथचा आकडा हजारभर माणसांचा असतो, त्यातून एका घराचं मत कळत नाही. कुणाला मत दिलंस, हे कुणालाही विचारू नका. दिलंस का, एवढंच विचारा. नाही म्हटलं तर का नाही, हे मात्र नीट ऐकून घ्या.

यादी दुरुस्त करायची असेल तर मयताचं नाव कमी करायला नमुना ७, सासरी नाव हलवायला नमुना ८. ‘ऊ’ खुणेच्या माणसासाठी नमुना ७ कधीच भरू नका. हंगामापुरतं गाव सोडल्यानं रहिवास तुटत नाही, कायदाच तसं सांगतो.

एका मतदानाला तांड्यावरची एक बाई कारखान्याच्या पट्ट्यातून टेम्पोनं रात्रभर प्रवास करून आली होती. पाचटानं चिरलेले हात, कडेवर लेकरू. तिचं नाव ‘स्थलांतरित’ म्हणून कुणीतरी कमी करून टाकलेलं. मी तीनदा यादी चाळली, नाव नव्हतंच. ती काही बोलली नाही, बूथबाहेर बसून लेकराला भाकर चारली आणि त्याच टेम्पोनं परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात नमुना ६ भरून मी तिचं नाव पुन्हा लावलं. आता कोयता बांधायच्या आधी ती यादी बघायला माझ्याकडं येते, आणि येताना शेजारच्या चारपाच जणींनाही आणते.